परदेशी जाताना सल्ला कोणाचा घ्यावा?

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेत कारकून आहोत. अर्थशास्त्राचे पंडित नव्हेत; बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. पण काउंटरच्या आत बसणाऱ्याला घराघरातल्या पैशाची वाट दिसते. जळगाव, भुसावळ, धुळे भागातील आपली मुले आता पुण्या-मुंबईच्या पुढे दुबई, कतार, जर्मनीपर्यंत जाऊ लागली आहेत, आणि बायको-मुलांसह जाऊ लागली आहेत. व्हिसाची चौकशी दहा जणांकडे होते. पैशाची चौकशी मात्र जो आधी भेटेल त्याच्याकडे होते.

बाबासाहेब १९३७ साली कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. म्हणून ३१ जुलैला आपण तेथे जमतो. तेथेच एका तरुणाने आम्हांला विचारले, "साहेब, दुबईला सहकुटुंब जातोय. पैशाचं कोणाला विचारू?" आम्ही त्याला साहेब नाही हे आधी सांगितले. पण प्रश्न योग्य होता, आणि त्याचे उत्तर तेव्हा घाईत नीट देता आले नाही. ते आज देत आहोत.

प्रथम बाबासाहेबांचेच पाहू. १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले ते बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. कुटुंब नेण्याचा प्रश्नच नव्हता. उलट त्यातूनच घरी पैसे पाठवावे लागत. १९१७ साली शिक्षण अर्धे टाकून लंडनहून परतताना त्यांचे सामान व ग्रंथ ज्या बोटीत होते ती युद्धात बुडाली. सामानाची भरपाई म्हणून मिळालेली रक्कम बडोद्याला जाताना उपयोगी पडली. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पै पै साठवून, नवल भथेना या मित्राकडून ५,००० रुपये कर्जाऊ घेऊन आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. त्याच वर्षी सरकारने रुपयाचा भाव दोन शिलिंग ठरविला होता; तो टिकला नाही, आणि वर्षभरात एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास उतरला. रुपयात साठविणे आणि पौंडात जगणे म्हणजे काय, हे ज्याने सोसले त्यानेच १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्यापैकी कितीजण परदेशी जाताना चलनाच्या चढउताराचा विचार करतात? पगार दिरहमात आणि घराचा हप्ता रुपयात, एवढेही कोणी कागदावर मांडत नाही.

आता आमच्या काउंटरवरची गोष्ट. भुसावळचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आहेत. त्यांना आम्ही नाना म्हणतो. मुलगा, सून व दोन नाती दुबईला निघाल्या तेव्हा नानांनी निवृत्तीच्या पैशातून तिकिटे काढली, तिकडच्या घरभाड्याची तजवीज केली. तिकडे भाड्याचे चेक आगाऊ लिहून द्यावे लागतात, हे तेथे गेल्यावर कळले. निघण्याच्या आठवड्यात एका नातेवाईकाने मुलाच्या गळ्यात वर्षाला दीड लाख हप्त्याची विमा पॉलिसी घातली. "परदेशी जातोयस, आता कमी काय पडणार?" हाच काय तो सल्ला. सुनेला कोणी विचारलेच नाही. तिने मात्र शाळेची फी किती, एवढे एक विचारले होते, आणि "ते तिकडे गेल्यावर बघू" असे उत्तर मिळाले होते. २०२० साली नोकरी गेली, चौघे परतले. पॉलिसीचे दोनच हप्ते भरले होते. हाती काय आले ते नाना आम्हांला विचारायला आले, आणि तो आकडा त्यांना सांगताना आमची मान खाली गेली.

कारण असे की, त्या मुलाचे खाते आमच्याच शाखेत होते आणि तो जाण्यापूर्वी येऊन गेला होता. आम्ही त्याला पेढा मागितला. बाकी काही विचारले नाही.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मित्राच्या वेषातले चार शत्रू सांगितले आहेत. नुसते घेऊन जाणारा, नुसते बोलणारा, तोंडावर गोड बोलणारा, आणि नाशाच्या वाटेचा सोबती. खऱ्या मित्रांत एक आहे अत्थक्खायी, म्हणजे हिताचे सांगणारा. त्याची एक खूण अशी की, आपण जे ऐकलेले नाही ते तो ऐकवितो. पैशाचा सल्लागार ओळखायला आम्हांला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. तुम्हांला ऐकायचे आहे तेच जो सांगतो त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

व्यवहारात ही कसोटी एका प्रश्नात बसते: याला पैसे कोण देतो? विमा एजंटाला कंपनी कमिशन देते. म्युच्युअल फंडाच्या वितरकालाही कमिशनच मिळते. बँकाही विमा विकतात आणि आम्हां बँकवाल्यांनाही टार्गेट असते, हे लपवून कशाला ठेवायचे? यात बेकायदा काही नाही, पण त्याला निःपक्ष सल्ला म्हणू नये. 'सेबी'ने २०१३ साली गुंतवणूक सल्लागारांचे वेगळे नियम केले. असा नोंदणीकृत सल्लागार आपली फी ग्राहकाकडून घेतो, आणि त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या यादीत पडताळता येतो. इंग्लंडमध्ये ३१ डिसेंबर २०१२ पासून गुंतवणुकीच्या सल्ल्यावर कंपनीकडून कमिशन घेण्यास बंदी आहे. आखातात मात्र वीस-पंचवीस वर्षांच्या बचत योजना विकणारे पुष्कळ. पहिल्या वर्षांचे हप्ते बहुधा खर्चात आणि कमिशनमध्ये जातात. फी म्हटली की आपल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. दीड लाखाचा हप्ता भरताना ती पडत नाही.

हे काही मात्र फी न देता आम्हीच सांगू शकतो. नोकरीसाठी परदेशी राहायला गेलेल्या माणसाने साधे बचत खाते तसेच चालू ठेवायचे नसते. बँकेला कळवून ते एन.आर.ओ. करून घ्यावे. तिकडची कमाई इकडे ठेवायची तर एन.आर.ई. खाते उघडावे, त्यावरील व्याजाला आपल्याकडे प्राप्तिकर नाही आणि पैसा पुन्हा बाहेर नेता येतो. एन.आर.ओ.च्या व्याजावर मात्र कर कापला जातो. पी.पी.एफ. चालू असेल तर मुदतीपर्यंत चालवता येते, नवे उघडता येत नाही. वडिलांचे केळीचे वावर वारसाने येऊ शकते, अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि कोरे चेक सही करून वडिलांजवळ ठेवू नका. त्यासाठी रीतसर मुखत्यारपत्र असते.

कुटुंब नेण्याची परवानगी आणि कुटुंब चालणे यांत फरक आहे. अमिरातीत महिना ४,००० दिरहम पगारावर, किंवा ३,००० आणि राहण्याची जागा असल्यास, कुटुंबाचा व्हिसा मागता येतो. त्यात दोन मुलांची शाळा भागेल काय, हे व्हिसावर लिहिलेले नसते. जर्मनीत सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारी पत्नी व मुले वेगळ्या हप्त्याशिवाय येतात; हे माहीत नसल्यामुळे दुसराच विमा गळ्यात पडू शकतो. विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे, राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, पण ती विद्यार्थ्यापुरती. लग्न झालेल्यांनी घरचा हिशेब वेगळा मांडावा.

तो हिशेब मांडताना नोकरी गेली तर सहा महिने आणि परतीची तिकिटे एवढी रक्कम आधी बाजूला काढावी, तीही इकडच्या खात्यात. सिगालोवाद सुत्तातच मिळकतीचे चार भाग सांगून चौथा अडचणीसाठी राखायला सांगितले आहे. नानांच्या मुलाने तो भाग हप्त्यात घातला होता.

अध्यक्षांच्या संमतीने महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी वंदनेनंतर आम्ही विहारात थांबणार आहोत. आम्ही काही विकणार नाही. नियुक्तिपत्र, पासबुके, चालू पॉलिसी आणि कर्जाचे कागद घेऊन यावे. जाणाऱ्याने पत्नीलाही आणावे. शाळेच्या फीचा प्रश्न बहुधा तीच विचारील.