आपल्या मुलांची चित्रे
(विहाराच्या वर्धापनदिनी, चित्रप्रदर्शनाच्या वेळी केलेले भाषण)



मी साच्यावर उभा राहून आयुष्य काढलेला माणूस. शाळा नववीपर्यंत, पुढचे सगळे वाचन पाळी सुटल्यावर. चित्रकलेवर मी काय बोलणार? पण कमिटी म्हणाली, दादा, तुम्हीच बोला. म्हणून उभा आहे.

आपल्या मनवेलपाड्यातली चार मुले-मुली कलाशिक्षण पूर्ण करून आली आणि त्यांनी आपली चित्रे या विहाराच्या भिंतीला लावली. पहिल्या वर्षी काय काढत होतो आणि आज काय काढतो, हे प्रत्येकाने उभे राहून सांगितले. त्यातल्या एका मुलीचे बोलणे माझ्या डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, पहिली दोन वर्षे मडकी, फळे, पडदे काढले. हात बसला. पण आपल्या घरातले काही काढायची लाज वाटायची. मग एकदा पहाटेच्या विरार लोकलमध्ये डब्याची पिशवी मांडीवर घेऊन झोपलेली आई काढली. तेव्हापासून ती घरातलेच काढते. ते चित्र दाराजवळ आहे. पिशवीचा बंद आईने मनगटाला गुंडाळलाय, तो बघा. लोकलमध्ये झोपणाऱ्यालाच ते सुचते.

मुंबईचे ज. जी. कला विद्यालय १८५७ साली निघाले. तिथले ग्रिफिथ्स साहेब १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात. अंधाऱ्या लेण्यात बसून त्या पोरांनी तथागतांच्या चित्रांच्या नकला केल्या. हे काम १८८५ पर्यंत चालले. लंडनला पाठवलेल्या बऱ्याच नकला तिथल्या आगीत गेल्या. पुढे १८९६-९७ ला दोन मोठे ग्रंथ निघाले, त्यावर नाव साहेबांचे. विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजींचे नाव राहिले, बाकीचे कोणाला आठवत नाहीत. आणि मूळ चित्रे ज्यांनी काढली त्यांची तर नावेच नाहीत.

म्हणून मुलांनो, रागावू नका, पण इथल्या तीन चित्रांखाली सही नाही. मी मोजली. आजच करा.

त्याच ज. जी.मध्ये शिकलेले प्रभाकर कांबळे यांनी उतरंड मांडली. आपल्या आया घरात रचायच्या तीच, मडक्यावर मडके. त्यातून त्यांनी जातीची रचना दाखवली. २०२२ साली ती बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात लोकांनी पाहिली. बघा, वर्गात सगळेच मडके काढतात. त्या मडक्याला आपल्या घरातून काय बोलायला लावायचे, हे ज्याचे त्याने शोधायचे. विक्रोळीचे विक्रांत भिसेही असेच आपल्या माणसांची, आपल्या चळवळीची चित्रे काढतात.

आता एक कबुली देतो. माझ्या थोरल्याला एलिमेंटरीला ‘ए’ ग्रेड मिळाली होती. इंटरमिजिएटच्या फॉर्मचे पैसे मागायला आला तेव्हा मी म्हणालो, रंगाने पोट भरते काय? आयटीआय कर. रंगीत कापडात दिवस काढणारा बाप पोराला असे बोलला! त्या कापडावरची डिझाईन काढणारा माणूसही पगारीच होता, साच्यावर उभा न राहता. पण त्या दिवसांत गिरणीचा भरवसा नव्हता, घरात पाच तोंडे होती. पोरगा फिटर झाला, घर चालवतो, तक्रार करत नाही. पेन्सिल मात्र परत हातात धरली नाही. मी चुकलो की नाही, मला अजून ठरवता येत नाही. बाबासाहेब एवढ्या कामाच्या रगाड्यात, उतारवयात चित्रकला शिकत होते, हे मी वाचले ते फार नंतर.

माझा थोरला सकाळी इथे येऊन गेला. त्या लोकलच्या चित्रापुढे बराच वेळ उभा होता. मी काही विचारले नाही.

ज्यांच्या घरी आठवी-नववीतले पोर आहे त्यांनी शाळेत ग्रेड परीक्षेच्या फॉर्मची चौकशी करावी. पैशाची अडचण असेल तर मला गाठा, चार जणांत बघू. चित्रे रविवारपर्यंत आहेत. लहान पोरांना हात लावू देऊ नका, एक अजून ओले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!