‘एकतर्फी प्रेमातून’



आज मी दोनच शब्दांविषयी बोलणार आहे. ‘एकतर्फी प्रेमातून.’ हे शब्द आपण इतक्यांदा वाचले आहेत की आता ते खटकतही नाहीत.

३ फेब्रुवारी २०२० रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटात, कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवण्यात आले. १० फेब्रुवारीला नागपुरात तिने प्राण सोडला. दोन वर्षांनी न्यायालयाने आरोपीला खुनाबद्दल जन्मठेप दिली. बातम्यांत मात्र त्या कृत्याला पुन्हा पुन्हा हेच दोन शब्द चिकटत राहिले.

‘तून’ हा प्रत्यय उगम दाखवतो. डोंगरातून झरा, बीजातून रोप, तसाच प्रेमातून खून! आणि ‘एकतर्फी’? कोर्टात एकतर्फी निकाल म्हणजे दुसऱ्या बाजूचे म्हणणे न ऐकता दिलेला निकाल. इथेही तेच घडते. शिवाय, प्रेम एका बाजूने पुरे झाले आणि दुसऱ्या बाजूचे देणे राहिले, असा हिशेबही त्या शब्दात दडलेला असतो. मुलगी मेल्यावरही थकबाकीदार ठरते.

हा हिशेब आपल्याला पडद्यानेही शिकवला. १९९३ च्या ‘डर’मध्ये नायिकेला दहशतीत ठेवणाराच प्रेक्षकांच्या मनात घर करून गेला. २०१७ चा तेलुगू ‘अर्जुन रेड्डी’ २०१९ मध्ये हिंदीत ‘कबीर सिंग’ होऊन आला आणि तुफान चालला. त्यातला नायक एका मुलीला पाहतो आणि ती आपली असल्याचे इतर मुलांना बजावून टाकतो. तिला मात्र विचारत नाही. टाळ्या त्यालाच पडतात.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी माझे सांगते. बातमीलेखन शिकवताना मी फळ्यावर नमुना लिहिला होता, ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीचा खून’. एका मुलीने विचारले, “बाई, ती नाही म्हणाली होती, ते यात कुठं आहे?” मी मथळा पुसला. एका मुलाने सुचवले, ‘नकार दिल्याने तरुणीचा खून’. तीच मुलगी म्हणाली, “म्हणजे चूक नकाराचीच झाली की!” बराच वेळ खाडाखोड झाली. शेवटी फळ्यावर उरले, ‘पाठलाग करणाऱ्याकडून तरुणीचा खून’.

जागा कमी असते, असे संपादक म्हणतील. मोजून पाहा, शब्द चारच आहेत. पण आता मारणारा मथळ्यात आला आणि त्याचे कृत्यही. कायद्याने तर २०१३ मध्येच बाईचा पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. कायदा ज्याला पाठलाग म्हणतो, त्याला आपली भाषा अजून प्रेम म्हणते.

हे काम नवे नाही. सुरतच्या एका विधवेवरील खटल्यानंतर वर्तमानपत्री लिखाणातून साऱ्या स्त्रीजातीवर दोषारोप झाले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून जाब विचारला. बाईंना ठावे होते की छापलेला शब्द आधी निकाल देतो, न्यायालय नंतर.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या वाट्याला मराठी पुस्तके कमी येतात, मोबाईलवरच्या मराठी बातम्या जास्त. त्यांची मराठी त्या मथळ्यांतूनही घडते आहे. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. शुद्धलेखन तपासताना ऱ्हस्व-दीर्घाबरोबर एवढेही तपासा: वाक्यातला कर्ता कुठे गेला? आणि प्रेम हा शब्द जिथे शोभत नाही, तिथे तो लाल शाईने खोडा.