तळ्यातले औषध ताटात येऊ नये
(सरावली येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



गतवर्षीच्या संमेलनात पंगत उठल्यावर आपल्यातील एका तरुणाने आम्हांस बाजूस घेतले. खाडीकाठी त्याचे कोळंबीचे तळे होते. कोळंबी मरू लागली होती आणि व्यापारी चार दिवसांनी यावयाचा होता. "गुरुजी, आज खाद्यातून औषध दिले आणि उद्या बंद केले, तर चौथ्या दिवशी माल निर्धोक होईल ना?" असे त्याने विचारले. आम्ही जन्मभर मुलांस गणित शिकविले; परंतु या प्रश्नाचे उत्तर आम्हांपाशी नव्हते. तो मुकाट्याने परत गेला. ती रुखरुख मनात ठेवून आम्ही जे वाचले व जाणत्यांस विचारले, ते आज आपणांपुढे मांडीत आहोत.

प्रथम औषध शिरते कसे, ते पाहू. आजारी कोळंबी खाणे सोडते. तेव्हा औषधी खाद्य जिला हवे तिच्या पोटी न जाता निरोगी कोळंबीच्या पोटी जाते, आणि उरलेले पाण्यात विरघळून चिखलात बसते. ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखे प्रतिजैविक तर समुद्राच्या पाण्यातील चुना व मॅग्नेशियम यांच्याशी जखडले जाऊन बरेचसे निकामी होते. शिवाय १९९४ च्या सुमारास आपल्या देशात आलेला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा आहे. विषाणूवर प्रतिजैविकाची मात्रा चालतच नाही.

आता शिरलेले औषध जाते कसे? आपल्या शरीरात हे काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडे करतात. कोळंबीच्या डोक्यात एकच मोठी पाचक ग्रंथी असते. ती पचनही करते आणि यकृताचेही काम करते. म्हणून औषध सर्वांत अधिक तेथे साठते. तेथून ते विष्ठेवाटे, कल्ल्यांवाटे आणि स्पर्शिकांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींवाटे बाहेर पडते. परंतु कोळंबीचे रक्त थंड. पाणी गार झाले की तिच्या देहाचा सारा व्यवहार मंदावतो आणि औषध अधिक काळ रेंगाळते.

येथे आमचे गणित उपयोगी पडले. युरोपात माशांसाठी पाचशे अंश-दिवसांचा ठोकताळा दीर्घकाळ वापरीत. पाणी २५ अंश असेल तर २० दिवस, २० अंश असेल तर २५ दिवस थांबावयाचे. तो ठोकताळा माशांचा असला, तरी चार दिवसांचा हिशेब किती तोकडा आहे, हे त्यावरून ध्यानी येईल. तेथे ऑक्सिटेट्रासायक्लिनची मर्यादा किलोमागे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा हजारावा भाग आहे.

काही औषधांस तर हा ठोकताळाही लागू नाही. नायट्रोफ्युरान मूळ रूपात लवकर नाहीसे होते. परंतु त्याचे तुकडे मांसातील प्रथिनांस चिकटून आठवडेच्या आठवडे राहतात आणि शिजविल्यानेही जात नाहीत. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित माणसाची रक्त निर्माण करण्याची शक्तीच खुंटते. या दोहोंस आपल्या देशात कोळंबी-संवर्धनात मनाई आहे. २००१-०२ च्या सुमारास युरोपात आशियातील कोळंबीत ती आढळली आणि कित्येक देशांच्या मालावर कडक तपासणी बसली.

परंतु बंधूंनो, प्रश्न केवळ परदेशी व्यापाराचा नव्हे. तळ्याच्या चिखलात थोडेथोडे औषध मुरले की तेथील जंतू त्यास सरावतात. ते बळ एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाते, आणि उद्या आपल्याच घरचे लेकरू तापाने फणफणले असता डॉक्टरांचे औषध निष्फळ ठरण्याचा धोका वाढतो. विक्रीतून उरलेली कोळंबी अखेर आपल्याच चुलीवर शिजते, हेही विसरू नये.

यास्तव बीज तपासून घ्यावे, तळ्यात गर्दी करू नये, पाणी व चिखल स्वच्छ राखावा, आणि माल काढण्यापूर्वी त्याची तपासणी करून घ्यावी. रोग आलाच तर जाणत्या तज्ज्ञास विचारावे. दुकानदाराच्या सांगण्यावरून पुडी फोडू नये. भाव थोडा पडला तरी चालेल. एका हंगामाची तूट पुढल्या हंगामात भरून येते.

त्या तरुणाने पुढे काय केले, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. आज तो या सभेत असेल, तर त्यास आमचे उशिराचे उत्तर एवढेच आहे: बाळा, चार दिवस पुरत नाहीत.