तीस वर्षांचे सभासदत्व : दिवंगत दादासाहेब गवई यांची कारकीर्द आणि आपला ठराव

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी "राजकारण आणि आपला समाज" ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. विषय मोठा आणि आमची शक्ती अल्प; तरी वडीलकीच्या नात्याने जे सांगावेसे वाटते ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या संमेलनात दरवर्षी एक ठराव येतो. अमरावती व अकोला ह्या दोन्ही जिल्ह्यांतील एका तरी मतदारसंघात आपल्या समाजाच्या माणसाला उमेदवारी मिळावी, असा त्याचा आशय. ठराव एकमताने संमत होतो, त्याच्या प्रती पक्षांच्या कचेऱ्यांत पोचविल्या जातात, आणि पुढील वर्षी तोच ठराव आपण पुन्हा संमत करतो. यंदा काही तरुण मंडळींनी त्यास एक पुरवणी सुचविली आहे : उमेदवारी न मिळाल्यास समाजाने मतदानावर बहिष्कार घालावा. तरुणांचा संताप आम्हांस समजतो. परंतु हात वर करण्यापूर्वी आपण दोन गोष्टींचा विचार करावा, एक हिशेबाची आणि दुसरी चारित्र्याची.

प्रथम हिशेब. अमरावती जिल्ह्यात विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत आणि अकोल्यात पाच, एकूण तेरा. त्यांपैकी दर्यापूर व मूर्तिजापूर अनुसूचित जातींसाठी आणि मेळघाट अनुसूचित जमातींसाठी राखीव. उरले दहा. ह्या दहांपैकी एकाही ठिकाणी केवळ आपल्या घरांच्या मतांवर माणूस निवडून येईल, इतकी आपली वस्ती नाही. हे कटू असले तरी खरे आहे. मात्र ह्याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. २०२४ च्या निवडणुकीत अकोला पश्चिम मतदारसंघाचा निकाल अवघ्या १,२८३ मतांनी लागला. म्हणजे आपली मते एकट्याने जिंकावयास पुरत नाहीत, परंतु जिंकणारा कोण हे ठरविण्यास कित्येकदा पुरतात. बहिष्कार घातला तर हातातील हे एवढे नाणेही आपण विहिरीत टाकू.

आता चारित्र्याची गोष्ट. ज्यांच्या समाजाची संख्या एकट्याने पुरेशी नव्हती, ज्यांचा पक्ष सदैव लहान राहिला, आणि तरीही जे तीस वर्षे राज्याच्या विधिमंडळात बसले, अशा आपल्याच मुलखातील एका पुरुषाचे उदाहरण आम्ही घेतो. ते म्हणजे दिवंगत रामकृष्ण सूर्यभान गवई. सारा वऱ्हाड त्यांस दादासाहेब म्हणून ओळखतो.

दादासाहेबांचा जन्म १९२९ साली दारापूर येथे झाला. हे गाव अमरावती जिल्ह्यातील खारपाणपट्ट्याचे. ह्या मुलखात विहिरीचे पाणी खारट आणि शेती पावसाच्या भरवशाची, हे येथे बसलेल्यांस सांगावयास नको. त्यांचे तरुणपण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत गेले. १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, त्या पक्षाचे काम त्यांनी हाती घेतले. १९६४ मध्ये ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभासद झाले, आणि १९९४ पर्यंत त्या सभागृहात राहिले.

आपल्या मुलांस नागरिकशास्त्राच्या पुस्तकात विधान परिषद एका परिच्छेदात शिकविली जाते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. ह्या सभागृहात ७८ सभासद असतात. ३० विधानसभेचे आमदार निवडतात. २२ नगरपालिका, जिल्हा परिषदा आदी स्थानिक संस्थांचे सभासद निवडतात. ७ पदवीधर आणि ७ शिक्षक निवडतात. १२ राज्यपाल नेमतात. सभागृह कधी बरखास्त होत नाही. प्रत्येक सभासदाची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात. ह्यांपैकी कोणत्याही दाराने जावयाचे म्हटले तरी ज्याच्या पक्षाचे आमदार मूठभर, त्याला इतर पक्षांचा विश्वास मिळविल्यावाचून आत पाऊल टाकता येत नाही. एकदा मिळालेला विश्वास सहा वर्षे सांभाळावा लागतो, आणि सहा वर्षांनी तो पुन्हा तपासला जातो. असे तीस वर्षे घडले.

त्याहूनही मोठी गोष्ट अशी की, सभागृहाने त्यांस आपल्या आसनावर बसविले. १९६८ पासून १९७८ पर्यंत ते उपसभापती होते. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे हे त्या काळी सभापती. पागे निवृत्त झाल्यावर १९७८ मध्ये दादासाहेब सभापती झाले आणि १९८२ पर्यंत त्या पदावर राहिले. पुढे १९८६ मध्ये ते त्याच सभागृहात विरोधी पक्षनेते झाले. एकाच माणसाने आधी सर्वांचा पंच व्हावे आणि मग एका बाजूचा वकील व्हावे, आणि दोन्ही वेळा लोकांनी त्यास मानावे, हे फार थोड्यांच्या वाट्याला येते.

सभापतीचे आसन दिसते मानाचे, पण ते मोठे कठीण असते. सभापतीस प्रथम मत देता येत नाही. दोन्ही बाजूंस समसमान मते पडली तरच त्याने निर्णायक मत द्यावयाचे. ज्या प्रश्नासाठी आयुष्य वेचले तो प्रश्न सभागृहात आला तरी त्याने तराजू सरळ धरावयाचा. दादासाहेब सभापती झाल्यानंतर थोड्याच दिवसांनी, जुलै १९७८ मध्ये, मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत संमत झाला. त्यानंतर मराठवाड्यात जे जळीत झाले ते आपण जाणता. तो ठराव नामविस्ताराच्या रूपाने अमलात येण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. ठराव संमत होणे आणि तो लोकांच्या मनात उतरणे ह्यांत किती अंतर असते, हे आपल्या ठरावबहाद्दर मंडळाने येथे ध्यानात घ्यावे.

आता प्रत्यक्ष लोकांतील निवडणूक पाहू. १९९८ मध्ये लोकसभेची निवडणूक झाली. तेव्हा अमरावती मतदारसंघ राखीव नव्हता, खुला होता. काँग्रेसशी झालेल्या समझोत्यातून रिपब्लिकन पक्षाने राज्यात चार जागा जिंकल्या : अमरावतीहून दादासाहेब गवई, अकोल्याहून ॲड. प्रकाश आंबेडकर, चिमूरहून प्रा. जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईहून श्री. रामदास आठवले. चारही जागा खुल्या होत्या, आणि चारांपैकी दोन आपल्या ह्या दोन जिल्ह्यांतील होत्या.

ह्या विजयाचे मोल कळावयाचे तर मागे जावे लागते. ह्याच अमरावतीत १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांस प्रवेश मिळावा म्हणून चळवळ झाली. त्या वर्षी १३ नोव्हेंबरला भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेबांनी भूषविले, आणि डॉ. पंजाबराव देशमुखांनी स्पृश्य समाजातील असूनही त्या चळवळीस आपले बळ दिले. पुढे १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन निवडणुकांत पंजाबराव लोकसभेवर निवडून आले. त्यांच्याच अमरावतीने १९९८ मध्ये, म्हणजे मंदिराच्या त्या चळवळीनंतर ७१ वर्षांनी, खुल्या जागेवरून दादासाहेबांस दिल्लीस पाठविले. एका जातीच्या मतांनी हे घडणे शक्य नव्हते. ज्यांच्या आजोबांनी मंदिराचे दार धरून ठेवले असेल, त्यांच्या नातवांनीही मतपत्रिकेवर शिक्का मारला, तेव्हाच हे घडले.

परंतु निवडणुकीचे यश पाण्यावरील रेघेसारखे असते, हेही लपवू नये. ती लोकसभा तेरा महिन्यांतच मोडली. काँग्रेसमध्ये फूट पडली, आणि १९९९ मध्ये अमरावतीची जागा शिवसेनेचे श्री. अनंत गुढे यांजकडे परत गेली. २००९ पासून अमरावती अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. त्या वर्षी दादासाहेबांचे चिरंजीव डॉ. राजेंद्र गवई उभे राहिले, पण मतदारांनी कौल श्री. आनंदराव अडसूळ यांस दिला. म्हणजे जागा राखीव झाल्याने किंवा वडिलांचे नाव मोठे असल्याने विश्वास आपोआप मिळत नाही. तो ज्याचा त्याने कमवावा लागतो.

दादासाहेब २००० ते २००६ राज्यसभेत होते, नंतर बिहारचे आणि २००८ पासून २०११ पर्यंत केरळचे राज्यपाल. केरळात २००९ मध्ये श्री. पिनराई विजयन यांच्यावर लावलिन प्रकरणी खटला चालविण्यास त्यांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याविरुद्ध परवानगी दिली आणि मोठे वादंग माजले. पुढे २०१३ मध्ये न्यायालयाने श्री. विजयन यांस आरोपमुक्त केले आणि २०१६ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. दादासाहेबांचा तो निर्णय योग्य की अयोग्य, ह्यावर शहाण्यांत मतभेद आहेत. त्यांच्यावर दुसराही आक्षेप घेतला जातो : रिपब्लिकन पक्षाचे गट पडत गेले, त्यांपैकी एक गट त्यांच्या नावाने ओळखला गेला, आणि काँग्रेसच्या सोबतीने पक्षाची स्वतंत्र ताकद झिजली. हा आक्षेप पोकळ नाही. १९९८ मध्ये गट एकत्र होते तेव्हा चार खासदार आले; एकी सुटली आणि तो दिवस पुन्हा उगवला नाही. एकाच तालुक्यात दोन-दोन मंडळे काढणाऱ्या आपल्या ज्ञातीने हा धडा तर पाठच करावा.

२५ जुलै २०१५ रोजी नागपूर येथे दादासाहेबांचे निधन झाले. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील भव्य स्तूप ज्या स्मारक समितीने उभारला, तिची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली. त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव न्यायमूर्ती भूषण गवई २०२५ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले, तेव्हा दारापूरचे नाव देशभर पोचले.

आता पुन्हा आपल्या ठरावाकडे येतो. "आमच्या संख्येकडे पाहून आम्हांस उमेदवारी द्या" असे आपण म्हणतो. दादासाहेबांच्या कारकीर्दीवरून आम्हांस असे दिसते की, लहान समाजाच्या माणसाने "मला इतरांनी आपला का मानावे?" हा प्रश्न आधी स्वतःस विचारावा. त्याचे उत्तर दहा-वीस वर्षांच्या कामातूनच मिळते. म्हणून बहिष्काराची पुरवणी मागे घ्यावी आणि तिच्या जागी तीन गोष्टी लिहाव्यात, अशी आमची विनंती आहे.

पहिली, प्रत्येक तालुक्यातून निदान दोन तरुणतरुणींनी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या कामात पडावे, आणि ते काम साऱ्या गावाचे असावे, केवळ आपल्या आळीचे नव्हे.

दुसरी, आपल्या पदवीधरांनी अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवावे. ही यादी प्रत्येक निवडणुकीस नव्याने तयार होते. जुने नाव चालत नाही, अठरा क्रमांकाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो, आणि पदवी मिळून तीन वर्षे झालेली असावी लागतात. पाच जिल्ह्यांच्या ह्या मतदारसंघात २०२३ मध्ये श्री. धीरज लिंगाडे यांनी डॉ. रणजित पाटील यांचा पराभव केला, तो काही हजार मतांच्याच फरकाने. आम्ही स्वतः मॅट्रिक झालेले प्राथमिक शिक्षक. पदवीधरांत आमचे मत नाही, आणि शिक्षक मतदारसंघ माध्यमिक शाळांपासून पुढचा असल्याने तेथेही नाही. ज्यांस हा अधिकार मिळाला आहे त्यांनी तो अर्जाअभावी वाया घालविला की आम्हांस म्हणूनच अधिक वाईट वाटते.

तिसरी, मतदानाच्या दिवशी घरातील एकही मत घरात राहू नये. ते कोणास द्यावे हे मंडळाने सांगू नये, ज्याचे त्याने ठरवावे.

एवढे केले तर पुढील वर्षी कदाचित आपणास उमेदवारीचा ठराव मांडावा लागणार नाही. आणि मांडावा लागलाच तर त्याखाली नाव लिहिण्याजोगा माणूस तरी आपल्याकडे असेल. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.