‘अलोन’ : एका शब्दाची फाटाफूट

इंग्रजींतील ‘अलोन’ हा शब्द ‘ऑल’ आणि ‘वन’ यांचा जोड होय; अर्थ, ‘सर्वस्वीं एक’. पुढें त्याचें आद्याक्षर गळून ‘लोन’ उरला, शेक्सपिअरच्या काळीं त्याचा ‘लोन्ली’ झाला, आणि कालांतरानें त्यांत विषाद शिरला. मराठींत या अर्थांना शब्द निरनिराळे: ‘एकटा’ ही गणना, ‘एकाकी’ ही व्यथा, ‘एकांत’ हा लाभ. वाशीम जिल्ह्यांतील आसेगांवच्या शिवारांत जागलीला बसलेला शेतकरी एकटा खरा. पण पहांटे घरीं वाट पाहणारें कोणी असेल, तर तो एकाकी नव्हे. ज्याची वाट कोणीच पाहत नाहीं, तो भरल्या गांवांतहि एकाकीच. म्हणून शेजारीं एकटें राहणाऱ्यास एकांत लाभला आहे कीं एकाकीपण, याची विचारपूस हाच शेजारधर्म.