रस्ता कोणासाठी रुंद करायचा?

(नगरपालिका क्षेत्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



महाराष्ट्रातील पन्नास हजार ते एक लाख वस्तीच्या कोणत्याही नगरात एस.टी. स्थानकावर उतरून सरकारी रुग्णालयापर्यंत पायी गेले, तर त्या नगराच्या अर्थकारणाचा एक धडा आपोआप पदरात पडतो. रस्ता बहुधा नव्याने काँक्रिटचा झालेला असतो. मध्ये दुभाजक, त्यात माना टाकलेली रोपे, शोभिवंत दिव्यांचे खांब आणि आरंभी छायाचित्रांनी भरलेला कार्यारंभाचा फलक. कडेच्या गटारावर टाकलेल्या फरशा म्हणजेच पदपथ. त्यावर मध्येच विजेचा खांब, रोहित्राचे कुंपण, कुठे दुकानाची पुढे आलेली पायरी. फरशी फुटली असेल तेथे उघडे गटार, आणि उरलेल्या जागेत मोटारसायकलींची रांग. रुग्णालयाकडे निघालेली म्हातारी, कडेवर मूल घेतलेली बाई, दप्तर पाठीला लावलेल्या शाळेच्या मुली या सर्वजणी काँक्रिटवर उतरून वाहनांच्या अंगाला अंग लावून चालतात. ज्या कामावर सार्वजनिक पैसा ओतला गेला, त्या कामात त्यांचा वाटा शून्य.

यात अभियंत्याचा हलगर्जीपणा असतोच. पण मूळ प्रश्न वाटपाचा आहे. रस्ता ही नगरातील सर्वांत मोठी सामाईक जमीन होय. गायराने गेली, तलावांच्या कडा गेल्या, मोकळ्या आरक्षित जागांवर इमारती उठल्या; रस्ता तेवढा अद्याप कागदोपत्री सर्वांचा आहे. ही जमीन दर दिवशी, दर तासाला वाटली जाते, आणि कोणाला किती मिळाली याची नोंद मात्र कोठेच होत नाही.

वाटपाची चर्चा करायची तर आधी मागणी पाहावी लागते. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग सोडून अन्य कामगार कामावर कसे जातात, हे विचारले गेले. देशभरात पाचांत एकाहून अधिक जण पायी जात होते, आणखी सुमारे तेरा टक्के सायकलने. मोटार किंवा जीप वापरणारे तीन टक्केही नव्हते. त्यानंतर दुचाकी पुष्कळ वाढल्या, हे खरे. परंतु त्या गणतीत केवळ कामावर जाणारे होते. शाळेची मुले, बाजारहाट करणाऱ्या स्त्रिया आणि दवाखान्यात जाणारे म्हातारे त्यात धरलेलेच नव्हते. दुसरी आकडेवारी अधिक कठोर आहे. २०२२ साली देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होती. वाहन न चालवता वाहनाने मरणाऱ्यांचा हा हिशेब कोणत्याही नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात उतरत नाही.

आता जागेचा हिशेब. उभ्या केलेल्या एका मोटारीला अडीच मीटर गुणिले पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. भाजीवालीची बसण्याची जागा दोन चौरस मीटर मानली, तर एका मोटारीच्या जागेत सहा भाजीवाल्या बसतात आणि सहा घरांच्या चुली पेटतात. तीच जागा मोटार दिवसभर फुकट अडवते. भाजीवालीकडून रोज बाजार-फी वसूल होते. मोटारवाल्याला पावती फाडावी लागत नाही. गाडीवाला कर भरतो, असे उत्तर लगेच येईल. भरतो; पण मोटार वाहन कर राज्याच्या तिजोरीत जातो. नगरातील गटार, दिवा आणि फरशी ज्या घरपट्टीतून होतात ती सर्वांकडून येते, आणि भाडेकरूच्या भाड्यातही ती मुरलेली असते. अर्थशास्त्राच्या भाषेत याला अनुदान म्हणतात, मग त्याचा उल्लेख अंदाजपत्रकात असो वा नसो. हे अनुदान उलट्या दिशेने, नसलेल्याकडून असलेल्याकडे वाहते.

या लुटीकडे लक्ष जाऊ नये म्हणूनच की काय, पदपथाचा प्रश्न निघाला की पादचारी विरुद्ध फेरीवाला असे भांडण उभे केले जाते. अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी येते, हातगाड्या उचलल्या जातात, तराजू जप्त होतात, मध्यमवर्गीय वाचक वर्तमानपत्रात समाधान व्यक्त करतो. चार दिवसांनी त्याच जागी चारचाकी उभ्या राहतात आणि पादचारी होता तेथेच, म्हणजे रस्त्यावर, राहतो. चळवळीतील कार्यकर्तेही कधी कधी या सापळ्यात सापडतात. फेरीवाल्यांची बाजू घेताना चालणाऱ्यांची गैरसोय नाकारायची, हा त्याचाच दुसरा प्रकार होय.

वास्तविक कायद्याने हे भांडण बरेच मागे टाकले आहे. १९८५ च्या ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र त्याने दिला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १९८९ साली सोदन सिंग खटल्यात रस्त्यावर विक्री करण्याचा व्यवसाय, वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून, घटनेच्या संरक्षणाखाली आला. १४ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने सुयोग्य पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये असल्याचे सांगितले. उपजीविका आणि चालणे हे दोन्ही हक्क अशा रीतीने एकाच अनुच्छेदाच्या छायेत उभे आहेत. सार्वजनिक जमिनीवर मोटार फुकट उभी करण्याला मात्र घटनेत कोणताही अनुच्छेद नाही.

जागा दोघांना पुरते काय, हा प्रश्न भावनेचा नसून मोजपट्टीचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ साली पदपथांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत चालण्यासाठी किमान १.८ मीटर निर्वेध रुंदी आणि २.२ मीटर निर्वेध उंची सांगितली आहे. पदपथाची कड १५० मिलिमीटरहून उंच नसावी असेही म्हटले आहे. खांब, झाडे, बाके यांचा पट्टा चालण्याच्या पट्ट्याहून वेगळा असावा, ही त्यातील मर्माची गोष्ट. पंधरा मीटर रुंदीचा मुख्य रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना १.८ मीटर चालण्यासाठी आणि दीड मीटर झाडे, खांब व विक्रेते यांच्यासाठी ठेवले, तर ६.६ मीटर जातात आणि ८.४ मीटर उरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या दोन पदरांना साडेसात मीटर पुरतात. या हिशेबात बसत नाही ती एकच वस्तू: दोन्ही बाजूंना उभ्या मोटारींची रांग. जुन्या पेठेतील सहा मीटरच्या गल्लीत तर पदपथाचा हट्टच धरू नये. तेथे सगळी गल्ली एका पातळीत, मंद वेगाची आणि प्रथम पायी चालणाऱ्याची करावी.

यावर नगरातील प्रतिष्ठितांचे ठरलेले उत्तर म्हणजे रुंदीकरण. विकास आराखड्यावर रेषा ओढायची, ओटे पाडायचे, घरांचे दर्शनी भाग कापायचे, आणि मिळालेल्या पट्टीवर पुन्हा वाहने उभी करायची. या मोहाला शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने कडाडून विरोध केला होता. स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस १९१४ साली हिंदुस्थानात आले, पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. आधी गल्ल्यागल्ल्यांतून पायी हिंडायचे, लोक कोठे बसतात, पाणी कोठे तुंबते हे पाहायचे, मग जेवढे अपरिहार्य तेवढेच पाडायचे, अशी त्यांची पद्धत. सरळ रुंद रस्ता काढण्यासाठी वस्ती उठवणे त्यांना रोगापेक्षा उपाय भयंकर वाटे. होळकरांच्या इंदूरसाठी त्यांनी १९१८ साली अहवाल दिला. तेथील मुक्कामात त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा जुना मार्ग बदलून घेतला: ज्या आळ्यांनी घरे व रस्ते सर्वांत स्वच्छ केले असतील, त्यांतून मिरवणूक जाईल असे जाहीर केले. प्लेगचा काळ होता. मिरवणुकीत उंदराची अवाढव्य प्रतिमा होती, आणि सफाई कामगार स्वच्छ वेशात, फुले माळून चालत होते. संस्थानी थाटाचा त्यात भाग होता, आणि एका मिरवणुकीने जातिव्यवस्था हलत नाही. तरीही रस्ता झाडणारा त्याच रस्त्यावरून मानाने चालला, हे दृश्य आजच्या कार्यारंभाच्या फलकांवर दिसत नाही.

हे सारे जुने झाले, मोटारींच्या युगात चालायचे नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातील पाँतेवेद्रा हे नगर आहे. वस्ती सुमारे त्र्याऐंशी हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या ‘ब’ वर्ग नगरपरिषदेएवढी. १९९९ साली पेशाने डॉक्टर असलेले डाव्या विचारांचे मिगेल आन्शो फर्नांदेस लोरेस महापौर झाले. त्यांनी जुना गाभा मोटारींना जवळजवळ बंद केला, पदपथ रुंद केले, वेगाला ताशी तीस किलोमीटरची मर्यादा घातली आणि वाहने उभी करण्याची व्यवस्था नगराच्या कडेला नेली. दुकानदारांनी ओरड केली. लोकांनी मात्र लोरेस यांना पुनःपुन्हा निवडून दिले, आणि २०२३ च्या निवडणुकीनंतरही महापौरपद त्यांच्याकडेच राहिले. तेथे भाजीवालीचा प्रश्न नव्हता, तेव्हा नक्कल करून भागणार नाही. परंतु मोटारीला हात लावला की निवडणूक हरते, ही भीती निराधार ठरते एवढे त्यातून दिसते.

नगरपरिषदांकडे पैसा कोठे आहे? १९९९ साली नगरपरिषदांची जकात गेली आणि स्वतःच्या वाढत्या उत्पन्नाचा आधारही गेला. आता रस्ता होतो तो नगरोत्थान महाअभियानातून, वैशिष्ट्यपूर्ण कामांच्या अनुदानातून, अथवा कोणा आमदाराच्या शिफारशीतून. ज्याच्या हाती अनुदान त्याच्या हाती आराखडा. काँक्रिटचे मोजमाप सोपे, देयक मोठे, उद्घाटन देखणे. पदपथाची दुरुस्ती मात्र बारीक, चिकट आणि ठेकेदाराला न परवडणारी. त्यात जलवाहिनी बदलण्याआधी काँक्रिट ओतायचे आणि वर्षभरात ते फोडायचे, हा क्रम इतका नियमित आहे की त्याला अपघात म्हणणे कठीण.

शिवाय राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदा काही वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होऊन नगरसेवक आले. मधल्या काळातील अनेक कामे सभागृहात एकही प्रश्न न विचारला जाता मंजूर झाली. त्या कामांचे नकाशे आणि मोजमाप-पुस्तके पाहण्यास मागणे, हे माहितीच्या अधिकारात बसणारे आणि कोणाही कार्यकर्त्याला जमणारे काम आहे. दुसरे काम शहर फेरीवाला समितीचे. पथविक्रेत्यांविषयीच्या २०१४ च्या कायद्यानुसार या समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, आणि सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. पदपथाचा आराखडा या समितीपुढे आधी आला पाहिजे. ठेका दिल्यावर नव्हे.

तिसरे काम मोजणीचे. अंदाजपत्रकाची वाट न पाहता, एस.टी. स्थानक ते रुग्णालय या एकाच रस्त्यावर सकाळी सात ते रात्री आठ किती माणसे पायी जातात, त्यांना किती ठिकाणी खाली उतरावे लागते, किती विक्रेते बसतात आणि किती वाहने किती तास उभी असतात, हे वहीत लिहावे. साठी ओलांडलेल्या एखाद्या बाईंना बरोबर घेऊन चालावे; तरुण कार्यकर्त्याला अडथळे दिसत नाहीत. मोजणी आठवडी बाजाराच्या दिवशी एकदा आणि अन्य दिवशी एकदा करावी, आणि दोन्ही दिवसांचे आकडे वेगळे ठेवावेत.