बियाणं स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका



बोलायचं आहे बचतीबद्दल, पण सुरुवात एका कॉम्प्युटर गेमपासून करतो. ज्यांची मुलं रात्री जागून गेम खेळतात त्यांना हे आवडणार नाही, तरी पाच मिनिटं ऐका.

गेमचं नाव ड्वार्फ फोर्ट्रेस. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन अमेरिकन भावांनी तो बनवला. २००६ साली तो पहिल्यांदा लोकांसमोर आला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये चित्रांसह नव्या रूपात विक्रीला आला. सात बुटके गाडीत थोडं सामान भरून एका डोंगरापाशी येतात, डोंगर पोखरून वस्ती करतात. सामानात थोडं अन्न, थोडं पेय आणि थोडं बियाणं. पुढे बाहेरून आणखी बुटके राहायला येतात. खाणारी तोंडं वाढतात.

जमिनीखालचं त्यांचं हुकमी पीक म्हणजे प्लंप हेल्मेट नावाची अळंबी. चारही ऋतूंत पेरता येते. ती कच्ची खाल्ली तर बी मागे राहतं. तिच्यापासून मद्य केलं तर एका अळंबीचं पाच माप मद्य होतं, आणि बीसुद्धा परत हातात येतं. पण तीच अळंबी शिजवली तर जेवण मिळतं आणि बी कायमचं जातं. परवानगी असेल तर स्वयंपाकी नुसतं बियाणंही शिजवून टाकतो!

गंमत अशी की ताटाकडे बघून यातलं काहीच कळत नाही. उलट शिजवलेलं जेवण बुटक्यांना जास्त खूश करतं. कोठार भरलेलं दिसतं. कळतं ते पुढच्या पेरणीला. शेत तयार, माणसं तयार, आणि टाकायला बी नाही. मग शरद ऋतूत व्यापाऱ्यांचा तांडा येईपर्यंत थांबायचं, आणि त्यांच्याकडे बियाणं असलं तर मोबदला देऊन घ्यायचं.

मुरलेले खेळाडू स्वयंपाक्यावर लक्ष ठेवत बसत नाहीत. ते सुरुवातीलाच स्वयंपाकघराच्या यादीत जातात आणि बियाणं व प्लंप हेल्मेट शिजवण्याची परवानगी बंद करून टाकतात. भूक लागण्याच्या आधी, डोकं शांत असताना.

आता आपलं पासबुक उघडा. शिल्लक म्हणून एकच आकडा दिसतो. त्यात या महिन्याचा किराणा आहे, मुलीच्या फीचे पैसे आहेत, आणि दहा वर्षांनी लागणारे पैसेही आहेत. दाणा आणि बियाणं एकाच पोत्यात. सण आला, पाहुणे आले, मोबाइल बिघडला की हात त्याच पोत्यात जातो. पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम आपोआप आवर्ती ठेवीत, म्हणजे आरडीत, वळती करायला बँकेला लिहून द्या. यादीतली परवानगी बंद करणं ते हेच. महिनाअखेरीला उरेल ते टाकू म्हणणाऱ्यांचं फारसं उरत नाही, असं माझं मत आहे.

तरीही अडचण येतेच. तेव्हा काय करायचं, हे हिशेबाने बघू. समजा तुम्ही पोस्टात महिना १,००० रुपयांची आरडी काढली आहे. ती ५ वर्षांची, ६० हप्त्यांची असते. ३६ हप्ते भरून झाले आणि अचानक १५,००० रुपये लागले. पहिला विचार येतो, मोडून टाकू. ३ वर्षांनंतर मोडता येते, पण मग व्याज आरडीच्या दराने मिळत नाही, पोस्टाच्या बचत खात्याच्या दराने मिळतं. आरडीचा दर ६.७ टक्के आणि बचत खात्याचा ४ टक्के धरला, तर तुमचं सुमारे दीड हजारांचं व्याज जातं. शिवाय राहिलेले २४ हप्ते पुन्हा सुरू होतील याचा भरवसा नाही. बियाणं शिजलं ते इथे.

दुसरा रस्ता मद्य करण्यासारखा आहे, गरज भागते आणि बी राहतं. १२ हप्ते भरून एक वर्ष झालं की, खातं चालू असेल तर, पोस्ट त्याच आरडीवर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज देतं. व्याज आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त. म्हणजे आपल्या उदाहरणात ८.७ टक्के. सहा महिन्यांत फेडलं तर १५,००० वर साधारण ६५० रुपये. ते फुकट नाही, आणि दोन-अडीच वर्षं रेंगाळवलं तर आरडी मोडण्याइतकंच किंवा जास्त महाग पडेल. फेडायचं कधी आणि कशातून, ते ठरवूनच अर्ज भरा. बहुतेक बँकाही मुदत ठेवीवर असं कर्ज देतात, दर त्यांच्याकडे विचारा.

हप्ते मात्र चुकवू नका. चुकलेल्या हप्त्याला शंभर रुपयांमागे एक रुपया दंड लागतो, तो किरकोळ आहे. पण चार हप्ते थकले की खातं बंद पडतं, आणि दोन महिन्यांत पुन्हा चालू केलं नाही तर त्यात पुढे पैसे भरता येत नाहीत.

आता कुणी म्हणेल, मग सगळंच आरडीत टाकतो. तसंही नको. गेममध्ये कोठारात खायला काही नसेल तर बियाणं जपून ठेवलेली वस्तीही उपाशी मरते. ठेव मोडायची वेळ बहुधा घरात हाताशी काहीच नसतं म्हणून येते. म्हणून आधी दोन-तीन महिन्यांचा घरखर्च साध्या बचत खात्यात साठवा. तिथे व्याज कमी, पण हा दाणा आहे, खाण्यासाठीच ठेवलेला. तो खाल्ला तर वाईट वाटून घेऊ नका, पुन्हा भरा. त्यापेक्षा जास्त रक्कम वर्षानुवर्षं बचत खात्यात पडून असेल, तर ते न पेरलेलं बी आहे. त्याला शेत दाखवा.

ज्यांनी आरडीची पासबुकं आणली आहेत त्यांनी शेवटी बाजूच्या टेबलापाशी थांबा. किती हप्ते भरले ते मोजू, आणि १२ झाले असतील तर किती कर्ज मिळू शकतं ते तिथेच कागदावर मांडून बघू.